पाण्यावर टांगलेले घरटे : सह्याद्रीतील उडता बेडूक

मंडूक आणि पर्जन्य यांचे नाते भारतीय मनाला फार जुन्या काळापासून परिचित आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक संपूर्ण सूक्त मंडूकांना वाहिलेले असून, वर्षभर निपचित पडून राहिलेल्या बेडकांना पावसाच्या आगमनाने कंठ फुटतो, असे वर्णन त्यात आले आहे. पुढील काळात मात्र या प्राण्याच्या वाट्याला फारशी प्रतिष्ठा आली नाही. आपले जग तेवढेच खरे मानणाऱ्याला आपण 'कूपमंडूक' म्हणतो आणि ऐपतीबाहेर मिरवू पाहणाऱ्याला फुगणाऱ्या बेडकीची उपमा देतो. बेडूक म्हणजे विहिरीत, डबक्यात, चिखलात राहणारा एक क्षुद्र जीव, ही समजूत त्यामागे आहे.

सह्याद्रीच्या दाट, ओल्या रानात मात्र असा एक बेडूक राहतो, की ज्याचा विहिरीशी किंवा चिखलाशी फारच थोडा संबंध येतो. वर्षाचा बहुतेक काळ तो उंच झाडांच्या पानोळ्यात काढतो, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हवेतून तरंगत जातो, आणि अंडी घालण्याची वेळ आली म्हणजेही पाण्यात न उतरता पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे बांधतो. शास्त्रज्ञ त्यास 'ऱ्हॅकोफोरस मलबारिकस' या नावाने ओळखतात. मराठीत 'मलबारी उडता बेडूक' हे नाव आता बऱ्यापैकी रूढ झाले आहे.

हा बेडूक केवळ पश्चिम घाटात आढळतो. जगात अन्यत्र कोठेही नाही. केरळातील वायनाड, कर्नाटकातील कोडगू व आगुंबे, गोव्यातील मोले, खोतीगाव आणि म्हादईचे खोरे, आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तिळारी व आंबोलीचा परिसर ही त्याची ठळक वसतिस्थाने होत. म्हणजेच तो जितका केरळचा, तितकाच सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांचाही रहिवासी आहे.

नाव कसे पडले

पाश्चात्त्य जगाला 'उडत्या बेडका'ची ओळख झाली ती बोर्निओच्या जंगलातून. सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस हे सारावाक भागात संशोधन करीत असताना एका चिनी कामगाराने त्यांना एक मोठा हिरवा बेडूक आणून दिला आणि तो उंच झाडावरून तिरपा, जणू उडत खाली आला, असे सांगितले. वॉलेस यांनी त्याच्या बोटांमधील रुंद पडद्यांची मापे घेतली, चित्र काढले, आणि १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या मलाया द्वीपसमूहावरील आपल्या ग्रंथात हा वृत्तांत दिला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७० मध्ये, भारतातील पक्ष्यांवरील ग्रंथामुळे ख्यातनाम झालेले शल्यचिकित्सक टी. सी. जर्डन यांनी मलबार भागातील याच गोत्राच्या एका बेडकाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तोच आपला मलबारी उडता बेडूक.

'उडता' हा शब्द अर्थातच सैलपणाने वापरलेला आहे. पक्षी किंवा वटवाघूळ ज्या अर्थाने उडते त्या अर्थाने बेडूक उडू शकत नाही. उंची गाठण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. उंचावरून झेप घेतल्यावर तो चारही पाय पसरतो, बोटे ताणून त्यांमधील पडदे उघडतो, आणि पायांच्या कडेने असलेल्या त्वचेच्या झालरीचाही आधार घेत हवेवर तरंगत तिरपा खाली येतो. अशा झेपेत तो ९ ते १२ मीटर अंतर कापत असल्याची नोंद आहे. अवघ्या वीतभराहूनही लहान असलेल्या प्राण्याच्या दृष्टीने हे अंतर थोडे नव्हे. झाडावरचा साप अंगावर आला असता किंवा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जावयाचे असता जमिनीवर उतरण्याचा धोका त्याला पत्करावा लागत नाही, हा या कौशल्याचा खरा लाभ.

पूर्ण वाढलेली मादी सुमारे १० सेंटिमीटर लांब भरते. नर तिच्याहून स्पष्टपणे लहान असतो. पाठ पोपटी हिरवी, पोट पिवळसर, आणि बोटांमधील पडदे भडक नारिंगी-तांबडे. दिवसा तो पाय अंगाशी घट्ट आवळून पानावर चिकटून बसतो तेव्हा हा तांबडा रंग पूर्णपणे झाकला जातो व पानाचाच एखादा जाड भाग असावा असे वाटते. रात्री त्याने झेप घेतली की तोच रंग क्षणभर झळकतो आणि पुन्हा मिटतो.

बोटांच्या टोकांशी असलेल्या चपट्या गोल गाद्या हे सर्वच वृक्षमंडूकांचे वैशिष्ट्य होय. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास या गादीचा पृष्ठभाग मधाच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी पेशींनी बनलेला दिसतो. पेशींमधील बारीक चरांतून चिकट ओलावा खेळत असतो. ओली काच दुसऱ्या काचेवर ठेवली असता जशी घट्ट बसते, काहीशा त्याच तत्त्वावर ही गादी गुळगुळीत पानाला धरून राहते. पाऊस कोसळत असताना, पान वाऱ्याने हेलकावत असतानाही बेडूक घसरत नाही, याचे इंगित येथे आहे.

पावसाळ्याची वाट पाहणारे रान

आंबोली हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या अगदी कडेवर वसले आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग येथे अडतात व वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्या दगडाचे सडे, त्यांच्या उतारावर अंजनी, जांभूळ, हिरडा यांची सदाहरित व निमसदाहरित झाडी, झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ आणि आमरी, आणि पावसाळ्यात खळग्याखळग्यांतून साचणारे पाणी, असे हे एकूण दृश्य आहे. बेडकांच्या दृष्टीने यापरते चांगले घर नाही.

बेडकाची त्वचा पातळ व सच्छिद्र असते. तिच्यातून तो पाणी शोषून घेतो व काही प्रमाणात श्वासोच्छ्वासही करतो. याच कारणाने कोरडी हवा त्याला मारक ठरते. उन्हाळ्यात मलबारी उडता बेडूक दिसेनासा होतो. तो उंच झाडांच्या दाट पानोळ्यात, ढोलीत, सालीच्या आडोशाला ओल धरून राहतो. जेथे मोठी झाडे विरळ झाली आणि पानोळ्याचे छत फाटले, तेथे उन्हाळा काढण्याची त्याची सोय संपते.

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरी पडू लागतात आणि जूनमध्ये मोसमी पाऊस स्थिरावतो. मग रात्रीच्या वेळी नर पानोळ्यातून खाली उतरून पाणवठ्याकाठच्या झुडपांवर जमू लागतात. त्यांचा आवाज भातखाचरातील बेडकांच्या 'डराव डराव'सारखा दणदणीत नसतो. लाकडावर हलकेच ठोकल्यासारखे तुटक स्वर एकापाठोपाठ एक उमटत जातात आणि पावसाच्या आवाजात ते ध्यान देऊनच ऐकावे लागतात. एकाच झुडपावर अनेक नर जागा अडवून बसतात, आणि पुढे सरकू पाहणाऱ्यास ढकलून देण्याचे प्रकारही घडतात.

फेसाचे घरटे

मादी आल्यावर नर तिच्या पाठीवर बसतो. पुष्कळदा एकाच मादीला दोन किंवा अधिक नर बिलगलेले दिसतात. हा सारा भार वाहत मादी फांदीवरून जागा शोधीत पुढे सरकते. तिला हवी असलेली जागा ठरलेली आहे. खाली साचलेले, न वाहणारे पाणी असावे आणि त्यावर झुकलेली पालवी असावी. वाहत्या ओढ्यावर ती सहसा घरटे करीत नाही, कारण तेथे पडलेले पिलू पाण्याबरोबर वाहून जाईल. उघड्या, झाडी नसलेल्या डबक्याचा तर तिला उपयोगच नाही.

जागा निश्चित झाली की मादी शरीरातून एक चिकट द्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळू लागते. रवीने ताक घुसळावे तसे तिचे पाय आलटून पालटून फिरत राहतात. द्रावात हवा मिसळून पांढरा, घट्ट फेस तयार होतो. त्याच वेळी ती अंडी सोडते, नर त्यांवर रेत सोडतात आणि फलित झालेली अंडी फेसात गुंतून बसतात. आजूबाजूची पाने त्या चिकट फेसाला ओढली जातात आणि घरट्याला आयतेच वेष्टण मिळते. साधारण मुठीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असा हा गोळा सकाळी पाहणाऱ्यास साबणाच्या फेसासारखा दिसतो. एका घरट्यात शंभराच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक अंडी असतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. बेडकाच्या अंड्यास कोंबडीच्या अंड्याप्रमाणे कवच नसते. उघड्यावर ते काही वेळातच सुकून जाते. म्हणून बहुसंख्य बेडूक आपली अंडी सरळ पाण्यात सोडतात. परंतु पाण्यातही धोके काही कमी नाहीत. मासे, खेकडे, चतुरांच्या अळ्या, पाणविंचू आणि इतर बेडकांची पिले हे सर्व अंड्यांवर ताव मारणारे असतात. शिवाय साचलेल्या, पाने कुजणाऱ्या पाण्यात प्राणवायूचे प्रमाणही फार कमी असते. फेसाच्या घरट्याने या सर्व अडचणींतून एकदम मार्ग काढला आहे. फेसाचा बाहेरचा थर हवेने थोडा वाळून कडक होतो व रंगाने पिवळट, तपकिरी पडतो. आतला भाग मात्र ओलाच राहतो. असंख्य बुडबुड्यांत कोंडलेली हवा वाढत्या गर्भाला प्राणवायू पुरवते. दुपारच्या उन्हाचा ताप आतपर्यंत पोहोचत नाही. आणि पाण्यातील शत्रू तर तेथवर पोहोचूच शकत नाहीत. मुंग्या, माश्या यांच्यासारखे हवेतील व झाडावरील शत्रू राहतातच. पण सर्वांत नाजूक असा पहिला आठवडा पिलाला पाण्याबाहेर काढता येतो.

आठवडाभराच्या सुमारास अंडी फुटतात. शेपूट असलेली, माशासारखी दिसणारी पिले (प्राणिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यांना 'भैकेर' म्हणतात) आत वळवळू लागतात. त्या हालचालीने फेस सैल होतो, पावसाच्या सरीने आणखी विरघळतो, आणि घरट्याच्या बुडातून थेंबाथेंबाने गळू लागतो. त्या थेंबांबरोबर एकेक पिलू टपकन खालच्या पाण्यात पडते.

या क्षणी खाली पाणी असावे लागते. साऱ्या जीवनक्रमातील कच्चा दुवा हाच आहे. मादीने घरटे बांधले त्या रात्री डबके भरलेले होते, पण नंतर पावसाने आठ-पंधरा दिवस दडी मारली, तर पिले कोरड्या चिखलात पडतात व अख्खे घरटे वाया जाते. उन्हाने फेस अकाली वाळला तर पिले आतच अडकतात. जूनमध्ये मोठा पाऊस होऊन जुलैत प्रदीर्घ उघडीप पडली, तर आंबोलीच्या सड्यावरील कितीतरी खळग्यांत हेच घडते. निसर्गातील ही जोखीम या प्राण्याने हजारो पिढ्या सोसली आहे. एकाच हंगामात निरनिराळ्या माद्या निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या पाणवठ्यांवर घरटी करतात, त्यामुळे काही फसली तरी काही साधतात. पाणवठ्यांची संख्याच कमी झाली तर मात्र हा हिशेब जुळत नाही.

पाण्यात पडलेली पिले कल्ल्यांनी श्वास घेतात, शेवाळ व कुजका पाला खातात, आणि कित्येक आठवडे पाण्यातच वाढतात. आधी मागचे, मग पुढचे पाय फुटतात. शेपूट आखडत जाते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, शेपटीचा थोडासा अंश अजून उरला असतानाच, नखाएवढे बेडूक पाण्यातून निघून काठच्या गवतावर व झुडपांवर चढू लागतात. म्हणजे काठावरची जी झुडपे घरट्याला आधार देतात तीच पुढे पिलांना झाडावर नेणारी शिडीही ठरतात. काठ मोकळा असेल तर ही इवली पिले पक्ष्यांच्या व दिवडांच्या तोंडी सहज सापडतात.

भाऊबंदांच्या निराळ्या तऱ्हा

ज्या कुलात हा बेडूक मोडतो त्यातील इतर जातींनी पाण्याचा प्रश्न किती भिन्न रीतींनी सोडविला आहे हे पाहण्यासारखे आहे. वायनाड व कोडगूच्या रानातील 'ऱ्हॅकोफोरस लॅटरॅलिस' या लहान उडत्या बेडकाची मादी फेसाचे घरटे एका पानात ठेवून ते पान हातापायांनी दुमडते व त्याची चक्क पुडी बांधते. या कामी नराची तिला मदत होत नाही. तमिळनाडूतील कलक्काड-मुंडनथुराईच्या रानात 'रावॉर्केस्टिस चॅलॅझोडिस' हा बेडूक बांबूच्या पेरावरील बारीक फटीतून आत शिरतो, अंडी पेराच्या पोकळीत घातली जातात आणि नर त्यांची राखण करतो. ही जात शतकाहून अधिक काळ कोणाच्याही दृष्टीस पडली नव्हती. ती पुन्हा सापडल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या झुडपांवर पावसाळ्यात टिक्-टिक् करणारे जे इवलेसे बेडूक आहेत, त्यांपैकी बरेचसे याच रावॉर्केस्टिस वंशातील. बंगळूरचे ज्येष्ठ प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ २०१० साली हे नाव देण्यात आले. या बेडकांनी पाण्यातील बाल्यच वगळून टाकले आहे. अंड्यातून माशासारखे पिलू निघत नाही, तर पूर्ण घडलेला चिमुकला बेडूकच बाहेर पडतो. पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या नावाने ओळखली जाणारी 'रावॉर्केस्टिस घाटेई' ही जात २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच नव्याने नोंदली गेली. खुद्द आंबोलीच्या नावाचा एक झुडूपबेडूक २००९ साली शास्त्राला ज्ञात झाला. आपल्या घराशेजारच्या झुडपांत अद्याप नाव न मिळालेले प्राणी राहत असावेत, ही गोष्ट शाळांतील विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

याच कुलातील एक सभासद तर कोकणच्या घराघरांत येतो. न्हाणीघराच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली, कधी माजघरातील फोटोच्या मागे चिकटून बसलेला तपकिरी, ठिपकेदार झाडबेडूक कोकणवासीयांस नवा नाही. तोही फेसाचे घरटे बांधतो, आणि ते बहुधा टाकीच्या आतल्या भिंतीवर असते. विषारी समजून त्याला केरसुणीने बाहेर फेकले जाते. वस्तुतः तो माणसाला कोणताही अपाय करीत नाही, आणि रात्री घरात येणारे किडे हेच त्याचे अन्न आहे.

गावतळे आणि त्याचा काठ

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत मलबारी उडता बेडूक 'कमी चिंतेच्या' वर्गात आहे. तो दुर्मीळ नाही, हे समाधानकारकच आहे. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचर प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे ४१ टक्के जाती नाहीशा होण्याच्या धोक्यात आहेत. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या कोणत्याही वर्गात हे प्रमाण इतके मोठे नाही. ज्या जाती आज सुस्थितीत आहेत त्यांच्याकडे वेळीच लक्ष देणे हे नंतर उपाय शोधण्यापेक्षा स्वस्त पडते, हे प्रशासनातील कोणासही पटण्यासारखे आहे.

मोठे अरण्य राखणे हे वन विभागाचे काम आहे. मात्र या बेडकाची वीण ज्या जागी होते त्या जागा पुष्कळदा अरण्याच्या आत नसून गावच्या हद्दीत असतात. देवराईतील कोंड, रस्त्याकडेचे डबके, जुनी पायऱ्यांची विहीर, पाणी साचणारी पडीक चिरेखाण, गावतळे, ही ती ठिकाणे होत. यांतील बहुतेकांची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे असते, आणि सर्वांत मोठी हानी बहुधा कोणाच्याही दुष्ट हेतूने होत नाही. तळ्याची 'साफसफाई' होते. एप्रिल-मे महिन्यांत गाळ काढण्याचे काम निघते, त्याबरोबर काठची सर्व झुडपे, पाण्यावर वाकलेल्या फांद्या साफ केल्या जातात, चारही बाजूंनी दगडी किंवा सिमेंटचा बांध येतो, आणि काम चांगले झाले म्हणून त्याचे छायाचित्रही निघते. तळ्यात पाणी पूर्वीपेक्षा अधिक साचते, ही गोष्ट खरी. पण जूनमध्ये झाडावरून उतरलेल्या मादीला पाण्यावर एकही पान मिळत नाही. पाणी आहे आणि घरटे नाही, अशी स्थिती होते.

यावर उपाय करावयास खर्च लागत नाही. गाळ काढण्याचे काम अवश्य व्हावे, पण तळ्याची निदान एक बाजू, शक्यतो रानाच्या दिशेची, झुडपांसह जशीच्या तशी ठेवावी. काठावरची छाटणी करणे भाग असेल तर ती पिले पाण्यातून निघून गेल्यावर, म्हणजे नोव्हेंबरनंतर करावी. पुढच्या जूनपर्यंत पालवी पुन्हा फुटते. मेमध्ये तोडलेली फांदी जूनमध्ये उपयोगी पडत नाही. रस्त्याच्या कडेला तणनाशकाची फवारणी होते तेथे ते पाणी गटारातून डबक्यात उतरते याचाही विचार व्हावा, कारण कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या पिलांवर अशा द्रव्यांचा परिणाम फार लवकर होतो.

माशांचा प्रश्न थोडा अधिक नाजूक आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाणवठ्यांत गॅम्बुशियासारखे मासे सोडले जातात. हिवतापाच्या प्रतिबंधासाठी हा उपाय योजला जातो आणि त्यामागील हेतू योग्यच आहे. मात्र हे मासे बेडकांची अंडी व पिलेही खातात, असे अनेक देशांत दिसून आले आहे. वस्तीतील टाक्या, हौद, बांधकामाची पाण्याची डबकी येथे मासे सोडणे आणि रानाच्या कडेचे नैसर्गिक पाणवठे त्यांतून वगळणे, इतका विवेक आरोग्य सेवक व ग्रामपंचायत यांनी मिळून केल्यास दोन्ही हेतू साधतात. एरवीही रानातील डबक्यात डासांच्या अळ्यांचा समाचार घेणारे चतुर आणि पाणकिडे असतातच.

अलीकडे आंबोलीत पावसाळी रात्री बेडूक व साप पाहण्यासाठी हौशी मंडळी मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यामुळे स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून रोजगार मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. परंतु चांगल्या छायाचित्राच्या मोहाने बेडकाला उचलून दुसऱ्या पानावर बसविणे किंवा घरट्याभोवतीची पाने बाजूला सारणे असे प्रकारही होतात. हाताला लागलेला साबण, डास पळविण्याचे मलम किंवा नुसते मीठसुद्धा बेडकाच्या पातळ त्वचेतून आत जाते. आणि पानांचे वेष्टण काढलेले घरटे लवकर वाळते. सोबतच्या मार्गदर्शकाने येथे भीड न बाळगता नकार द्यावयास हवा.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित असून, गावच्या हद्दीतील वनस्पती, प्राणी आणि त्यासंबंधीचे लोकज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे. या कायद्याने काय होऊ शकते याचे उदाहरण आंबोलीतच आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळील महादेव मंदिराच्या परिसरात माशाची एक नवी जात सापडली, २०२० साली तिला शास्त्रीय नाव मिळाले, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने तेथील सुमारे दोन हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. एवढ्याशा जागेचेही महत्त्व मान्य होऊ शकते, ते तिची नीट नोंद झाली म्हणून.

फेसाचे घरटे ही नोंद घेण्यास अतिशय सोयीची गोष्ट आहे. बेडूक रात्री शोधावा लागतो. घरटे दिवसा, काठावर उभे राहून, कशालाही हात न लावता मोजता येते. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करू शकतील, मात्र घसरड्या काठावर त्यांना एकटे सोडू नये. नोंदवहीत पाणवठ्याचे गावातील नाव, पहिले घरटे दिसल्याची तारीख, घरट्यांची संख्या, ते कोणत्या झाडाच्या फांदीवर आहे आणि त्याच्या खालचे पाणी कोणत्या तारखेपर्यंत टिकले, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. चार-पाच वर्षांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे कोणता पाणवठा उघडिपीतही टिकतो आणि कोणत्याचा काठ आधी राखला पाहिजे, हे समितीला त्यावरून ठरविता येईल. घाटमाथ्यावर पहिली घरटी बहुधा जूनमध्येच दिसू लागतात. नोंदवही मेअखेर तयार असलेली बरी.